सिगारेट सुटली, व्हेप आलं: वहीत नेमकं काय लिहायचं?

पत्राचा सारांश

वाचकाचं वय 43, गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, घरचे सगळे पुण्याला. अठरा वर्षं रोज डझनभर सिगारेटी ओढल्यावर पाच महिन्यांपूर्वी ते व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आले. पॉडचं (लिक्विडच्या छोट्या डबीचं) यंत्र, 20 मिलिग्रॅमचं लिक्विड, म्हणजे दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम निकोटिन. शुक्रवारी मित्रांत बसलं की एखाद-दुसरी सिगारेट अजून होते. तब्येतीत काय फरक पडतो ते बघायचं म्हणून त्यांनी ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, पीक फ्लो मीटर (जोराने फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारी नळी) आणि नाडी दाखवणारं घड्याळ घेतलं आणि एक्सेलमध्ये सगळं भरायला लागले. त्यात दिसतं ते असं: ऑक्सिजन सिगारेट असतानाही 98, आताही 98. नाडी कधी 68, कधी 92. वजन तीन किलोंनी वाढलं. हिरड्यांतून रक्त येतं, पूर्वी कधी आलं नव्हतं. रात्री छातीत धडधडतं, झोप उडते. गेले पाच आठवडे खोकला आहे. ऑफिसातला एक जण म्हणतो, "यापेक्षा सिगारेट बरी होती." पत्नी म्हणते, "एक व्यसन जाऊन दुसरं आलं, आणि तिसरं हे आकड्यांचं." दिवाळीला ते पाच आठवडे पुण्याला येणार आहेत. त्यांचा प्रश्न: "व्हेपमुळे माझं बरं होतंय की वाईट, हे या आकड्यांवरून कसं ओळखू? आणखी काय मोजू?"

उत्तर

नमस्कार,

आधी खोकल्याचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, खोकला थांबवून ठेवू नका.

सिगारेट सुटल्यावर काही आठवडे खोकला वाढतो, हे तुम्ही वाचलं असेल आणि ते खरं आहे. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागतात, साचलेला कफ वर ढकलतात. व्हेपच्या लिक्विडमधल्या प्रोपिलिन ग्लायकॉलने घसा कोरडा पडून ढास लागते, हेही खरं. पण तारखा बघा. सिगारेट कमी होऊन पाच महिने झाले आणि खोकला सुरू झाला पाच आठवड्यांपूर्वी, म्हणजे चौथ्या महिन्यात. सफाईचा खोकला असता तर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात आला असता. चाळिशी ओलांडलेला, कधीकाळी धूम्रपान केलेला माणूस आणि कारण न कळलेला खोकला, एवढं जुळलं की दोन आठवड्यांच्या आत छातीचा एक्स-रे करावा, अशी इंग्लंडमधल्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना आहे. खोकल्याच्या जागी धाप, छातीत दुखणं, थकवा, भूक मरणं किंवा आपोआप वजन उतरणं असलं तरी नियम तोच. म्हणून या आठवड्यात जीपीची, म्हणजे तुमच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या. जाताना एक ओळ लिहून न्या: "अठरा वर्षं, रोज 12 सिगारेटी, म्हणजे सुमारे 11 पॅक-वर्षं, पाच महिने व्हेप, आठवड्याला एक-दोन सिगारेटी, पाच आठवडे खोकला." पॅक-वर्षं काढायची रीत सोपी आहे: रोजच्या सिगारेटी भागिले 20, गुणिले वर्षं. खोकल्यात रक्त दिसलं, एवढासा तांबडा धागा जरी असला, तर वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. भारतातल्या वाचकांनी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला क्षयाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. धूम्रपान केलेलं असो की नसो.

बहुतेक वेळा एक्स-रे स्वच्छच येतो. तो तसा आला की मग व्हेपकडे संशयाने बघायला आपण मोकळे.

आता तुमच्या 98 कडे येतो. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की ते रक्तही त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच लालभडक दिसतं. रोज डझनभर ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा काही टक्के भाग असा अडकून पडलेला असतो आणि ऑक्सिमीटर त्याचीही गणती ऑक्सिजनमध्येच करतो. तेव्हाचं 98 फुगवलेलं होतं, आताचं खरं आहे. यंत्रावर आकडा तोच राहिला, रक्त मात्र बदललं. म्हणून तुमच्या प्रश्नासाठी ऑक्सिमीटरचा काही उपयोग नाही. तो कपाटात ठेवा, न्यूमोनियासारखं काही झालं तर काढा.

तुम्हाला हवा आहे तो आकडा श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा. व्हेपमध्ये काही जळत नाही, म्हणून वाफेने हा आकडा चढत नाही, सिगारेटने चढतो. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला मदत करणारी एनएचएसची (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची) स्थानिक सेवा फुकट आहे, व्हेप वापरणाऱ्यांनाही घेतात, आणि हे यंत्र तिथे असतंच. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, मग नळीत सावकाश पूर्ण सोडायचा. 10 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) किंवा वर म्हणजे सिगारेट चालू आहे असं धरतात. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण पाचच्या आत असतो. एकच गोम आहे. बसल्या जागी हा वायू रक्तात दर चार ते सहा तासांनी निम्मा होतो. सोमवारी सकाळी फुंकलंत तर शुक्रवारच्या दोन सिगारेटी यंत्राला दिसणार नाहीत, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. आणखी एक: एकही सिगारेट नसताना आकडा वारंवार वर येत असेल, तर घरातला बॉयलर तपासून घ्या. बिघडलेला बॉयलर हाच वायू सोडतो आणि त्याने घरातली सगळी माणसं दगावू शकतात.

शुक्रवारच्या त्या एक-दोन सिगारेटींबद्दल तुम्ही पत्रात अर्धं वाक्य लिहिलं आहे. मला ते सगळ्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य वाटतं. तुम्ही धरून चालला आहात की रोजच्या बारावरून आठवड्याला दोनवर आलो, म्हणजे धोका त्याच हिशोबाने खाली आला. फुप्फुसाच्या कर्करोगाचं गणित साधारण तसं चालतं, हृदयाचं नाही. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा: रोज 20 सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका होतो, त्यातला जवळपास निम्मा पुरुषांमध्ये रोज एका सिगारेटनेही होतो. हे रोज एक ओढणाऱ्यांबद्दल आहे, आठवड्याला दोन ओढणाऱ्यांबद्दल नाही. पण थोडा धूर म्हणजे थोडंच नुकसान, हे हृदयाच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. शिवाय मोजण्याच्या दृष्टीनेही त्या दोन सिगारेटी सगळा तक्ता नासवतात: शनिवार-रविवारी दिसलेला खोकला वाफेचा की धुराचा, कसं सांगणार?

म्हणून वहीतला पहिला रकाना हा: या आठवड्यात सिगारेटी किती. मित्राच्या हातातून घेतलेले दोन झुरकेही त्यात धरा. चार आठवडे तिथे शून्य आल्याशिवाय बाकीच्या आकड्यांवरून व्हेपबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका. शुक्रवारी निघताना यंत्र पूर्ण चार्ज, भरलेला दुसरा पॉड खिशात. आणि पेय हातात घ्यायच्या आधी व्हेप, नंतर नव्हे. बऱ्याच जणांची सिगारेट तल्लफेपेक्षा बॅटरी संपल्यामुळे पेटते.

आता धडधड. तुमचा दिवस कसा असतो ते तुम्ही लिहिलं नाही, पण इंग्लंडात राहणारा मराठी माणूस घरचा चहा आणि ऑफिसची कॉफी, दोन्ही घेतो असं मी धरतो. सिगारेटच्या धुरातली काही हायड्रोकार्बनं यकृतातल्या एका एन्झाइमला जोमाने कामाला लावतात. रक्तातल्या कॅफीनचं विघटनही तेच एन्झाइम करतं. धूर बंद झाला की आठवडाभरात त्याचा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं ही कॅफीन वाढल्याची लक्षणं आहेत, आणि लोक त्याचं खापर व्हेपवर फोडतात. दोन आठवडे चहा-कॉफी निम्मी करा, दुपारी दोननंतर बंद. त्याच दोन आठवड्यांत दुसरं काहीही बदलू नका. व्हेपही आहे तसं चालू द्या. धडधड गेली तर कारण सापडलं. नाही गेली तर पुढच्या दोन आठवड्यांत झोपण्याआधीचे दोन तास व्हेप बंद. धडधडीबरोबर चक्कर आली, छाती आवळल्यासारखी वाटली, तर हा प्रयोग तिथेच सोडून 999 ला (इंग्लंडमधला तातडीचा नंबर) फोन. जीपीकडे जाल तेव्हा धडधडीचंही सांगा. ईसीजी काढायला फार वेळ लागत नाही.

हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं, आणि ही गोष्ट इतर वाचकांनी नीट वाचावी. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी ओलान्झपिन किंवा क्लोझपिन घेणाऱ्याने सिगारेट सोडली की तेवढ्याच गोळीने रक्तातलं औषध वाढतं. क्लोझपिनच्या बाबतीत ते धोक्याच्या पातळीलाही जाऊ शकतं. परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून व्हेपवर येणं म्हणजे या औषधांच्या लेखी सिगारेट सोडणंच. सोडण्याच्या आधी डॉक्टरांना सांगावं, स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी.

हिरड्यांचं रक्त पाहून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण सिगारेट हिरड्यांचा आजार झाकून ठेवते. सुजलेल्या हिरडीतूनही रक्त फारसं येऊ देत नाही. धूर थांबला की काही आठवड्यांत जे आत होतं ते दिसायला लागतं. रक्त येतं म्हणून व्हेपने हिरड्या बिघडवल्या असं होत नाही. त्या आधीपासूनच बिघडलेल्या असण्याची शक्यता जास्त. दंतवैद्याकडे जा आणि हिरडी-दातामधल्या खाचांची खोली मिलिमीटरमध्ये मोजून ती नोंद मागून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा तेच मोजमाप. आरशात बघून केलेल्या शंभर नोंदींपेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतील. आणि ब्रश थांबवू नका, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेने घासत राहा.

वजनाचं थोडक्यात: सिगारेट सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. तुमचे तीन किलो त्यात बसतात. आठवड्यातून एकदा, सकाळी, रिकाम्या पोटी मोजा, रोज नको.

नाडी आणि बीपी मात्र नीट मोजली तर कामाची आहेत. तुमच्या 68 आणि 92 मधला फरक मला तब्येतीचा वाटत नाही, वेळेचा वाटतो. निकोटिन धुरातून गेलं काय, वाफेतून गेलं काय, काही मिनिटांत नाडी दहा-बारा ठोक्यांनी वर नेतं, बीपीही थोडं चढवतं. व्हेप ओढून लगेच मोजलं की निकोटिनचा झटका मोजला जातो. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास व्हेप नाही, चहा-कॉफी नाही, जिना नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको. हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा वर आली तर ती जीपीला दाखवायची. हा सात दिवसांचा फेरा तीन महिन्यांतून एकदा पुरे. नाडीसाठी घड्याळातला रात्रीच्या झोपेतला सर्वांत कमी आकडा घ्या, दिवसाचे सगळे विसरा. ते घड्याळ किंवा फोन सिगारेटच्या काळात तुमच्याकडे होता का? असेल तर त्यात जुनी नाडी, पावलं, चढलेले मजले साठलेले असतील. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीचे कागद, जीपीकडे नाव घातलं तेव्हाचं बीपी, जुना रक्ताचा रिपोर्ट, हेही काढा. "आधी" चा आकडा नसेल तर "नंतर" चे हजार आकडे मुके असतात.

पीक फ्लोबद्दल तुमची एक समजूत दुरुस्त करायला हवी. तुम्ही तो वाढायची वाट बघताय. सिगारेटने कमी झालेली फुप्फुसाची ताकद बहुतांशी परत येत नाही. सोडल्याने मिळतं ते असं की पुढची घसरण मंदावते, न ओढणाऱ्याच्या वेगाच्या जवळ येते. पाच महिन्यांत आकडा तिथेच राहिला तर ते अपयश नव्हे. शिवाय पीक फ्लो मोठ्या श्वासनलिकांचं सांगतो. सिगारेट आधी बारीक नळ्या खाते. म्हणून एक्स-रेबरोबर जीपीकडे स्पायरोमेट्रीचीही (यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी) चौकशी करा. तुमची 11 पॅक-वर्षं आणि खोकला बघता ती मागणी रास्त आहे. त्यातला पहिल्या सेकंदाचा आणि एकूण श्वासाचा भागाकार औषधाचा फवारा घेतल्यावरही 0.7 च्या खाली असेल, तर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचा विचार करतात. घरचा पीक फ्लो मीटर ठेवायचाच असेल तर उभं राहून, काटा शून्यावर आणून, ओठ घट्ट मिटून, एका दमात जोराने. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. जीभ नळीच्या तोंडाशी आली किंवा बोट काट्याच्या वाटेत आलं की आकडा फसवतो. उपयोग एवढाच: तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तो वीस टक्क्यांनी घसरला किंवा सकाळ-संध्याकाळ खूप वेगळा यायला लागला, तर श्वासनलिका आवळताहेत.

सुधारणा दिसायचीच असेल तर ती जिन्यावर दिसेल. एक जिना ठरवा, शक्यतो चार मजल्यांचा. रविवारी, जेवणानंतर किमान दोन तासांनी, अर्धा तास व्हेप न ओढता. न थांबता, न पळता चढा. लागलेला वेळ, वर पोचल्याबरोबरची नाडी आणि एक मिनिट उभं राहिल्यावरची नाडी, असे तीन आकडे लिहा. त्या एका मिनिटात नाडी किती उतरली, हा फरक महिन्या-दोन महिन्यांत वाढताना दिसला तर शरीर सावरतंय. त्याच काळात तुम्ही व्यायाम सुरू केलात तर तेही वहीत लिहा, नाहीतर श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होईल.

आता तो रकाना जो बहुतेक कोणीच ठेवत नाही: आत किती जातं. आठवड्याला किती पॉड संपले, किती मिलिलिटर आणि किती मिलिग्रॅमचे. 2 मिलिलिटरचा, 20 मिलिग्रॅमचा पॉड म्हणजे 40 मिलिग्रॅम निकोटिन. ते सगळं रक्तात पोचत नाही, म्हणून सिगारेटशी त्याची तुलना करू नका. स्वतःच्या गेल्या आठवड्याशी करा. त्याच्या शेजारी लिहा, उठल्यापासून पहिला झुरका किती मिनिटांनी. हा प्रश्न व्यसनाची खोली मोजायला डॉक्टर वर्षानुवर्षं विचारतात. पाच मिनिटांच्या आत म्हणजे पकड घट्ट. तासाभराच्या पुढे गेलं की सैल होतेय.

आणि करपलेले झुरके किती, तेही लिहा. यंत्राच्या आत कॉइलभोवती (तापणाऱ्या तारेभोवती) कापूस असतो, तो लिक्विडने भिजलेला राहिला तर वाफ होते. कोरडा पडला की कापूस जळतो, लिक्विड जास्त तापून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे घातक वायू होतात, घशात करपट, बोचरी चव येते. नवा पॉड भरल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा, मग ओढा. पॉडच्या खिडकीतून लिक्विड दिसेनासं होऊ देऊ नका. लागोपाठ झुरके घेऊ नका, मध्ये कापसाला भिजायला वेळ द्या. गोड चवीच्या लिक्विडातला गोडवा कॉइलवर काळा थर धरतो, त्यामुळे ती लवकर करपते. आठवड्या-दोन आठवड्यांनी कॉइल किंवा पॉड बदलायलाच हवा. एक्स-रे स्वच्छ आला आणि खोकला तरी राहिला, तर पहिला संशयित हाच. दुसरा संशयित प्रोपिलिन ग्लायकॉल: ते जास्त असलेल्या लिक्विडऐवजी व्हेजिटेबल ग्लिसरीन जास्त असलेलं, तुमच्या यंत्राला चालणारं लिक्विड दोन आठवडे वापरून बघा आणि पाणी जास्त प्या.

म्हणजे आठवड्याची नोंद एवढीच होते: "रविवार. सिगारेट 0. पॉड 7, 20 मिग्रॅ. पहिला झुरका 25 मिनिटांनी. करपलेले 2. चहा-कॉफी रोज 3. सकाळी खोकला चार दिवस, कफ पांढरा. जिना 58 सेकंद, 138, मिनिटाने 112. रात्रीची नाडी 61. वजन 79." दहा मिनिटांचं काम. तुमच्या पत्नीचा तिसऱ्या व्यसनाबद्दलचा मुद्दा मला पटतो. दिवसातून दहा वेळा बोटाला चिमटा लावला की प्रत्येक वेळी मन धसकतं, आणि धसकलेला माणूस झुरका घेतो.

रक्ताच्या तपासण्यांपैकी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा पुरे. सिगारेट सुटल्यावर पांढऱ्या पेशी आणि चढलेलं हिमोग्लोबिन खाली येतं, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. कोटिनिनची तपासणी मात्र करू नका, ती निकोटिन शोधते आणि व्हेपमुळे पॉझिटिव्हच येणार. विम्याच्या अर्जात "धूम्रपान नाही" असं लिहायच्या मोहात पडू नका. बहुतेक कंपन्या व्हेप वापरणाऱ्याला धूम्रपान करणाऱ्यांतच धरतात आणि दावा करताना ते बाहेर येतं.

"यापेक्षा सिगारेट बरी" म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं मी साफ नाकारतो. 2015 साली पब्लिक हेल्थ इंग्लंडने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हे, आणि त्यावर वादही झाला. 2022 साली किंग्ज कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी सरकारसाठी केलेल्या आढाव्यात व्हेप वापरणाऱ्यांच्या शरीरात विषारी द्रव्यं सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळल्याचं नोंदवलं. तरी व्हेप निर्धोक नाही, विशेषतः ज्यांनी कधी सिगारेट ओढली नाही त्यांच्यासाठी, हेही बजावलं. 2019-20 मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन 68 मृत्यू झाले, ते अनेकांच्या लक्षात आहे. त्यामागे प्रामुख्याने गांजाच्या अर्काची काळ्या बाजारातली लिक्विडं आणि त्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. तुमच्यापुढे निवड अशी आहे: सिगारेटपेक्षा व्हेप नक्की बरं, आणि व्हेपपेक्षा काहीच नसणं नक्की बरं. वीस-तीस वर्षं वाफ ओढल्याने काय होतं हे सांगणारे आकडे अजून जगात कुणाकडे नाहीत, म्हणून तिथे मुक्काम ठोकू नका.

पुण्याला येताना यंत्र आणू नका. चेक-इनच्या बॅगेत नको, खिशात नको. 2019 च्या कायद्याने भारतात व्हेपचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुण्यात चोरून मिळतं तेही घेऊ नका, त्या लिक्विडात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हे पाच आठवडे निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि निकोटिनचा गम यांवर काढायचे. निघण्याच्या दहा दिवस आधी इंग्लंडमध्येच फार्मासिस्टशी बोलून पॅच सुरू करा म्हणजे मात्रा कमी पडते का ते तिथेच कळेल; रोज दहाहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा 21 मिलिग्रॅमच्या, 24 तासांच्या पॅचपासून सुरुवात करतात. रोज जागा बदलून, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर. अचानक तल्लफ आली तर 2 मिलिग्रॅमचा गम. तो च्युइंगगमसारखा चघळला की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि तल्लफ तशीच राहते. चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावायचा, मग गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा, अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, त्यातल्या आम्लाने तोंडातून निकोटिन शोषलं जात नाही. पुण्यात चहा टाळणं अवघड, म्हणून क्रम ठरवा: आधी गम, मग चहा.

वही पुण्यातही चालू ठेवा, पण दिवाळीच्या फटाक्यांचा धूर आणि हिवाळ्यातली हवा खोकला वाढवेल. त्या नोंदींच्या पुढे "पुणे" लिहून त्या वेगळ्या धरा. भारतातल्या वाचकांसाठी व्हेप हा रस्ताच नाही. तुमच्यासाठी पॅच, गम, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-112-356 हा आहे. फोन फुकट आहे.

राहिला पत्नीचा पहिला मुद्दा, दुसऱ्या व्यसनाचा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 2019 साली इंग्लंडात झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्हेप दिलेल्यांपैकी 18 टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते, पॅच-गम दिलेल्यांपैकी 9.9 टक्के. पण व्हेपने सिगारेट सोडलेल्यांतले 80 टक्के तेव्हाही व्हेप ओढत होते. सिगारेट सोडवायला व्हेप चांगलं, स्वतः मात्र ते सुटत नाही. म्हणून सोडायची वाट आत्ताच आखा, पण चालायला सुरुवात सिगारेटचा रकाना तीन महिने शून्य राहिल्यावरच करा.

लोक आधी लिक्विडची ताकद उतरवतात, आणि तिथेच फसतात. 20 चं 10 केलं आणि रोजचे 2 मिलिलिटर 4 झाले, तर निकोटिन तेवढंच राहिलं आणि वाफ दुप्पट गेली. मी उलटं सुचवेन: आधी जागा सोडवा. पहिल्यांदा अंथरूण, मग गाडी, मग कामाचं टेबल. प्रत्येकीला दोन आठवडे. मग पहिला झुरका आठवड्याला पंधरा मिनिटांनी पुढे ढकला. तो तासापलीकडे गेला की ताकद उतरवा, आणि रोजचे मिलिलिटर वहीत बघत राहा. ते दीडपटीपेक्षा वर गेले तर आधीच्या ताकदीवर परत या, तीन-चार आठवडे थांबा, मग पुन्हा करा. आणि उतरताना कुठल्याही पायरीवर एक जरी सिगारेट पेटली, तर त्याच दिवशी एक पायरी वर चढा.